निकाल आत

ताशी तीस किलोमीटरपर्यंत मागच्या सीटवरचं प्लास्टिक नुसतं फुगायचं आणि बसायचं. वेग चाळीसवर गेला की त्याच्या सुटलेल्या कडेला बारीक थरथर सुरू व्हायची आणि कागदी पिशवीत माशी अडकावी तसा आवाज यायला लागायचा. चारही काचा चार-चार बोटं उघड्या ठेवायच्या असा नियम होता, त्यामुळे वारा कायम आत. तोमोए इसुरुगीला आता वेगाच्या काट्याकडे बघावं लागत नसे. आवाज सुरू झाला की चाळीस.

आत्ता तो आवाज येत होता आणि समोर रस्ता ओलांडायचे पांढरे पट्टे होते.

पट्ट्यांच्या कडेला एक म्हातारी भाजीची ढकलगाडी धरून उभी होती. तिने एक पाऊल खाली टाकलं. तोमोएने मनात म्हटलं, आता. मग पुन्हा म्हटलं, आता. स्टिअरिंगवरच्या मुलाचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून उठला नव्हता. तिने आपल्या बाजूचा ब्रेक दाबला.

प्लास्टिक गप्प झालं. म्हातारीने गाडीच्या नाकासमोरून ढकलगाडी नेली, मान लववली आणि पलीकडे गेली.

‘मी दाबणारच होतो,’ मुलगा म्हणाला. मोगामी त्याचं नाव. बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात नुकताच लागलेला, एकोणीस वर्षांचा.

‘गाडी बाजूला घ्या.’

‘खरंच दाबणार होतो, बाई. पाय निघालाच होता.’

‘डावा सिग्नल द्या आणि बाजूला घ्या.’

शेवटच्या परीक्षेत शिकवणाऱ्याच्या बाजूचा ब्रेक दाबला गेला की परीक्षा तिथेच संपते. जागा बदलायच्या आणि परीक्षकाने गाडी ड्रायव्हिंगच्या शाळेत परत न्यायची. मोगामी तिच्या जागेवर येऊन बसला आणि पायाजवळच्या त्या जास्तीच्या ब्रेककडे बघत राहिला.

‘म्हणजे मी नापास ना?’

‘निकाल आत,’ तोमोए म्हणाली.

दोघांनाही निकाल माहीत होता. तरी गाडीत तो बोलायचा नाही, हा या शाळेचा रिवाज होता. आत जायचं, हात धुवायचे, खुर्चीवर बसायचं, मग नाव पुकारून सांगायचं.

तिने सवयीने आतल्या आरशात पाहिलं. पूर्वी तिथे एक चेहरा असायचा. ज्याची परीक्षा पुढे व्हायची तो उमेदवार मागच्या सीटवर बसायचा. तो बोलायचा नाही, बहुतेक वेळा स्वतःच्याच धास्तीत असायचा, पण तो असायचा. त्याच्या देखत कुणाला उगाच पाडता येत नसे आणि उगाच पास करता येत नसे. साथ आली, आणि गाडीतून सगळ्यात आधी ते तिसरं माणूस काढलं गेलं. आता आरशात फक्त प्लास्टिक होतं आणि त्यावर लाल चिकटपट्टीची फुली.

दुपारी कानामोरी साहेबांनी तिला बोलावलं. ते शाळेचे मॅनेजर. त्यांच्या टेबलावर मधोमध पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा उभा केला होता आणि त्याला खाली कागद सरकवण्यापुरती फट होती. ते नेहमी त्या फटीच्या पातळीवर वाकून बोलत, त्यामुळे समोरच्यालाही वाकावं लागे.

‘इसुरुगीबाई, मोगामीच्या आईचा फोन होता.’

‘हं.’

‘तिचं म्हणणं, पोरगा ब्रेक लावतच होता. तुम्ही घाई केलीत.’

‘लावत नव्हता.’

‘नसेल. पण पाहिलं कुणी?’

‘मी पाहिलं.’

‘तुमच्याशिवाय?’

तोमोए फटीपासून सरळ झाली.

‘हेच तर दुखणं आहे बघा,’ कानामोरी म्हणाले. ‘मागे कुणी असतं तर मी म्हटलं असतं, विचारा त्या मुलाला. आता मी काय म्हणू? इसुरुगीबाईंचा शब्द आहे?’

‘इतकी वर्षं तोच शब्द चालला.’

‘इतकी वर्षं तो लागतच नव्हता.’

हे त्यांनी दुखवायला म्हटलं नव्हतं. हिशोबी माणसाने वस्तुस्थिती सांगावी तसं म्हटलं होतं, आणि म्हणूनच ते तिला लागलं. तोक्योहून महिनाभर राहून गाडी शिकायला येणारी मुलं मार्चपासून बंद होती. त्यांच्यासाठी बांधलेल्या वसतिगृहाच्या खिडक्यांना आतून जाळी धरली होती. गावातली चार पोरं आणि म्हाताऱ्यांचे वर्ग, यांवर शाळा जेमतेम उभी होती. तिथे एखादी आई गावभर बोलत सुटलेली परवडत नव्हती.

‘परवा त्याची परीक्षा परत घेऊ. परीक्षक म्हणून मीच बसतो.’

‘बरं.’

‘आणि उद्या सकाळी कुवाबाता मास्तर येतायत. ज्येष्ठांचा वर्ग. तो तुम्ही घ्या.’

‘दुसरं कुणी नाही का?’

‘त्यांनी तुमचंच नाव सांगितलंय. आणि चेहरा जरा हसरा ठेवा. त्या वर्गात कुणी नापास होत नसतं. फिरवायची गाडी, द्यायचं सर्टिफिकेट.’

‘मास्क असतो. चेहरा दिसत नाही.’

‘डोळे दिसतात,’ कानामोरी म्हणाले. ‘लोकांची तक्रार डोळ्यांचीच असते.’

---

कुवाबाता मास्तरांनी हामासे गावातल्या अर्ध्या माणसांना गाडी शिकवली होती आणि उरलेल्या अर्ध्यांच्या बापांना. तोमोएला त्यांनी आधी गाडी शिकवली आणि मग गाडी शिकवायला शिकवलं. परीक्षकाच्या जागेसाठी तिचं नाव त्यांनी पुढे केलं तेव्हा लोक हसले होते. बाईच्या शेजारी बसून कुणाचे हात थरथरायचे नाहीत, असं कुणीतरी म्हणालं होतं. ‘हात थरथरायला नकोच आहेत,’ मास्तर म्हणाले होते, ‘गाडी चालवायला हवीय.’

गाडीत निकाल सांगायचा नाही, हा नियम त्यांचाच. ‘हातात चाक असलेल्या माणसाला निकाल सांगू नये. पास सांगितलं तर उडतो, नापास सांगितलं तर आपटतो. आत जाऊ दे, दोन घोट चहा पिऊ दे. मग सांग. घाई कसली आहे?’

आता ते एकोणऐंशीचे होते. त्यांची बायको चिझु दोन वर्षांपासून टेकडीवरच्या वृद्धाश्रमात होती. साथ आली तशी आश्रमाने दारं बंद केली. भेटायला कुणी यायचं नाही. मग त्यातून वाट निघाली ती अशी, की दुपारी ठरलेल्या वेळी आतल्या माणसाला खिडकीशी आणून बसवायचं आणि बाहेरच्याने खालच्या आवारात उभं राहायचं. बोलणं फोनवर. मास्तर रोज जायचे. एकही दिवस चुकवायचे नाहीत.

तोमोएला हे माहीत होतं, कारण जूनपर्यंत तीही तिथेच उभी असायची. तिची आई तीन खिडक्या पलीकडे होती. मास्तर थर्मासमधला चहा कागदी पेल्यात ओतायचे, पेला गाडीच्या टपावर ठेवायचे, चार पावलं मागे सरायचे, मग ती पुढे होऊन तो घ्यायची. असा चहा त्या दोघांनी पूर्ण वसंतभर प्यायला. जूनमध्ये आई गेली. त्यानंतर तोमोए त्या टेकडीवर चढली नव्हती.

आणि तिथेच तिने पाहिलं होतं. मास्तरांची छोटी पांढरी गाडी फाटकाशी वळली की आश्रमातली पिवळ्या जाकिटातली बाई लगबगीने पुढे यायची आणि आवारातल्या माणसांना हाताने कडेला घ्यायची. या इकडे, जरा भिंतीशी या. सगळे भिंतीशी जायचे. गाडी आत यायची, कधी सरळ, कधी तिरकी, एकदा दोन जागांच्या मधोमध. मग लोक परत आपापल्या खिडकीखाली यायचे. कुणी काही बोलायचं नाही. तोमोएही भिंतीशी जायची.

त्यांचं लायसन्स मे महिन्यात संपणार होतं. सत्तरीच्या पुढच्या माणसाला ते नवं करण्याआधी शाळेत येऊन वर्ग करावा लागतो, आणि तेव्हा सांगायचं असं तिने ठरवलं होतं. पूर्वी या वर्गाला तिघं-तिघं एका गाडीत बसत. एक चालवायचा, दोन म्हातारे मागे. मागचे आपसात कुजबुजायचे, हसायचे, आणि उतरल्यावर एखादा म्हणायचा, काय रे, आता पुरे करूया ना आपण. ज्याला कळायचं त्याला कळायचं. परीक्षकाला तोंड उघडावं लागत नसे. पण साथीत काही महिने वर्गच बंद झाले. लायसन्सच्या पाठीवर मुदतवाढीचा शिक्का मारून मिळू लागला. मास्तरांनी तो मारून आणला. तीन महिन्यांनी परत आणला. दोन्ही वेळा तोमोएला हायसं वाटलं होतं. साथीने तिलाही मुदतवाढ दिली होती.

न सांगण्याला कारणं होती, आणि ती खरी होती. टेकडीवर जाणारी बस एप्रिलमध्ये बंद झाली ती परत सुरू झालीच नाही. गावात टॅक्सी एक, आणि ती दुपारी डायलिसिसच्या पेशंटांना अडकलेली. तोमोएची सुट्टी आठवड्यातून एकदा. आणि वसंतात आश्रमातल्या नर्सने तिच्यासमोरच मास्तरांना सांगितलं होतं, ‘काकूंच्या बाकीच्या गोष्टी सुटत चालल्यात. तुम्ही रोज दिसता म्हणून तुम्हाला धरून आहेत.’

---

मास्तर सकाळी टाय लावून आले. मास्कची इस्त्री मोडू नये म्हणून तो त्यांनी पाकिटात घालून आणला होता, दारात उभं राहून लावला. कागदावरची स्मरणाची चाचणी त्यांनी आधीच चोख दिली होती. चित्रं लक्षात ठेवायची, घड्याळाचे काटे काढायचे, त्यात त्यांची एकही चूक नव्हती.

‘नमस्कार, इसुरुगीबाई,’ ते सगळ्यांसमोर म्हणाले. गाडीत बसून दार लावल्यावर म्हणाले, ‘काय गं तोमोए, वाळलीस.’

‘मास्कमुळे वाटतं तसं.’

‘मास्कने गाल झाकतात. मनगट दिसतंय मला.’

शाळेच्या सरावाच्या मैदानाची पहिली फेरी त्यांनी अशी मारली की तोमोएला आपलंच बघणं चुकलं की काय असं वाटलं. आरसा, खांद्यावरून मागे नजर, सिग्नल, सगळं जिथल्या तिथे. एस वळणात शिरताना चाक त्यांच्या तळव्यांतून असं सरकत होतं की कुणाला शिकवायला ते दाखवावं.

‘आवाज कसला हा?’

‘मागचं प्लास्टिक.’

‘बांधत का नाही?’

‘बांधलं तरी सुटतं.’

काटकोनी वळणाच्या अरुंद वाटेत त्यांचं मागचं चाक काठावर चढलं. धप्प करून उतरलं. मास्तर पुढे निघाले, जणू रस्त्यात खडा आला. तोमोएने वाट पाहिली. काठावर चाक चढलं की थांबायचं, मागे घ्यायचं, परत यायचं, हे त्यांनीच हजारो जणांना सांगितलेलं. ते थांबले नाहीत. ते चढलं हे त्यांना कळलंच नव्हतं.

पुढे मैदानातला सिग्नल होता. लाल झाला. तोमोएने मनात म्हटलं, आता. मास्तर सिग्नलकडे बघत होते. निदान त्यांचा चेहरा तिकडे होता. तिने पुन्हा म्हटलं, आता. मग तिने ब्रेक दाबला.

गाडी रेषेच्या अर्धी पुढे जाऊन थांबली. प्लास्टिक खाली बसलं.

‘मी दाबणारच होतो,’ मास्तर म्हणाले.

सिग्नल हिरवा झाला. मागे कुणी नव्हतं, त्यामुळे हॉर्न वाजवायलाही कुणी नव्हतं. मास्तरांनी आतल्या आरशात पाहिलं, बराच वेळ.

‘तिथे कुणी बसत नाही आता?’

‘नाही.’

‘मग कळतं कसं?’

‘काय?’

‘काही नाही,’ ते म्हणाले आणि गाडी पुढे घेतली.

आत आल्यावर त्यांनी हात धुतले, सांगितलेल्या खुर्चीवर बसले. तोमोएने सर्टिफिकेटवर शिक्का मारला. त्यावर छापलेलं होतं की यांनी वर्ग पूर्ण केला, आणि ते खरं होतं. वर्ग त्यांनी पूर्ण केला होता. तिने नाव पुकारलं. मास्तर उठून आले, दोन्ही हातांनी कागद घेतला, कमरेतून वाकले. कानामोरी साहेब दारातून टाळी वाजवल्यासारखं करून गेले.

तेव्हा सांगता आलं असतं. आतच होते दोघं. पण मागच्या खुर्च्यांवर पुढच्या वर्गाचे म्हातारे बसले होते, आणि त्यांतल्या एकाने, ‘मास्तरांनाही सर्टिफिकेट लागतं का?’ असं म्हणून सगळ्यांना हसवलं. मास्तरही हसले. तोमोएने पुढचं नाव पुकारलं.

दुपारी तिची अर्धी रजा होती. सायकलच्या शेडजवळ मास्तर गाडीला टेकून उभे होते.

‘चिझु तुझी आठवण काढते. चल.’

‘आज?’

‘आई गेल्यापासून आली नाहीस. वर यायला जमत नाही हे कळतं मला. म्हणून तर सोबत म्हणतोय.’

तिला नाही म्हणता आलं असतं. खऱ्या रस्त्यावर शेजारी बसून बघितल्याशिवाय बोलायचं नाही, असं ती स्वतःला महिनोन् महिने सांगत आली होती. आता तेही करायचं उरलं होतं. ती दार उघडून डावीकडे बसली. पाय जिथे जातो तिथे गेला. तिथे रबरी चटई होती.

---

मास्तर हळू चालवत होते. वेगात त्यांची चूक कधीच नव्हती.

तांदळाच्या दुकानापाशी दुकानदार बाहेर आला, दारातली सायकल आत ओढली आणि गाडी जाईपर्यंत हात जोडून उभा राहिला. मास्तरांनी मान हलवली. प्राथमिक शाळेच्या चौकात झेंडा घेऊन उभ्या असलेल्या काकांनी गाडी दिसताच पोरांना मागे घेतलं. गाडी अजून लांब होती. पोरंही सराईतपणे मागे सरली. पुलाच्या तोंडाशी समोरून येणारी टपालाची लाल गाडी पूल मोकळा असूनही कडेला थांबली.

‘बघितलंस?’ मास्तर म्हणाले. ‘या साथीने एक चांगलं केलं. माणसं सभ्य झाली. पूर्वी या पुलावर कोण थांबायचं?’

तोमोए खिडकीबाहेर बघत राहिली. सगळं गाव भिंतीशी उभं होतं. एकेक जण जरासा सरकला होता, आणि त्या सरकण्यातून एका गाडीपुरता रस्ता तयार झाला होता. कुणाला वाईटपणा घ्यायचा नव्हता. सगळ्यांनी त्यांच्याकडूनच तर लायसन्स मिळवलं होतं.

‘संत्री घेतलीत?’ तिने विचारलं. बोलायला काहीतरी हवं होतं.

‘मागे आहेत. आज दिलेली तिला उद्या मिळतात. एक दिवस खोक्यात ठेवतात, जंतू मरायला. म्हणजे ती रोज माझं काल दिलेलं खाते.’ ते हसले. ‘लग्न झाल्यापासून तेच आहे म्हणा. मी एक दिवस मागेच असतो.’

टेकडीच्या वळणांवर तोमोएची पोटरी आवळून आली. प्रत्येक वळणाला तिचा पाय चटईवर दाबला जात होता.

फाटकाशी पिवळं जाकीट पुढे आलं. तोमोएला शेजारी बघून त्या बाईचे डोळे क्षणभर थांबले. मग ती नेहमीसारखी वळली आणि आवारात हात हलवू लागली. एक जोडपं भिंतीशी गेलं. कुंपणाच्या पलीकडच्या पायवाटेवरून तिने चाकाची खुर्ची ढकलत कुणाला तरी आत नेलं.

बाकीचे गाड्या उलट्या लावायचे. मास्तर सरळ लावायचे, कारण पुढच्या काचेतून खिडकी दिसते. दुसरा मजला, डावीकडून तिसरी. ते त्या खिडकीकडे बघत जागेत शिरले. मग थांबायच्या ऐवजी इंजिनाचा आवाज वाढला. तोमोएचा पाय चटईवर पूर्ण ताकदीने गेला. चाकं सिमेंटच्या ठोकळ्यावर चढली, पलीकडे उतरली, आणि गाडी कुंपणाच्या झुडपात नाक खुपसून बंद पडली.

बॉनेटवर पानं पडत होती. झुडपाला तिथे आधीपासून खिंडार होतं. काही फांद्या आत्ता तुटल्या होत्या, त्यांची आतली बाजू पांढरी होती. बाकीच्या करड्या पडल्या होत्या, जुन्या तुटलेल्या. कुणीतरी त्यांना बांबूचा आधार बांधून दिला होता, नीट, सुतळीच्या गाठी मारून. पलीकडच्या पायवाटेवर चाकाच्या खुर्चीचे दोन ओले माग होते. अजून वाळले नव्हते.

वरच्या खिडकीत चिझुकाकू हात हलवत होत्या. मास्तर आले, एवढंच त्यांना दिसलं होतं.

‘इथले ठोकळे बुटके आहेत,’ मास्तर म्हणाले.

पिवळ्या जाकिटातली बाई दुरून बघत होती आणि जवळ येत नव्हती. मास्तरांचे हात स्टिअरिंगवर होते, दोन्हीकडे सारख्या उंचीवर, शिकवतात तसे.

‘पाय दाबलास तू,’ ते हळू म्हणाले. ‘दिसलं मला.’

‘हो.’

‘तिथे ब्रेक नाहीये.’

‘माहीत आहे.’

फोन वाजला. मास्तरांनी तो स्पीकरवर लावून समोर ठेवला, पानं पडलेल्या काचेपाशी.

‘अहो, आज लवकर आलात,’ चिझुकाकूंचा आवाज आला. वर खिडकीत त्यांचे ओठ हलले की इथे जरा उशिराने ऐकू येत होतं. ‘शेजारी कोण बसलंय? मागे कुणी नाही?’

‘तोमोए आहे. इसुरुगीची.’

‘आपली तोमोए? अगं, वर बघ. बरी आहेस ना? आई काय म्हणते?’

तोमोएने वर बघून हात हलवला. ‘बरी आहे, काकू.’ एवढंच ती म्हणाली. नर्सने मागून काकूंच्या खांद्यावर शाल सारखी केली.

‘आज माझा वर्ग होता,’ मास्तर फोनला म्हणाले. ‘लायसन्सचा. तोमोएने घेतला.’

‘म्हणजे तिने तुम्हाला तपासलं?’ काकू हसायला लागल्या. त्या हसण्याने त्यांना खोकला आला. नर्सने पाणी पुढे केलं, त्यांनी ते हाताने बाजूला केलं. ‘बरं झालं. फार तपासलंत लोकांना. मग? पास झाले का गं हे?’

मास्तर समोर बघत राहिले. त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात सर्टिफिकेट होतं. ते काढून काचेपाशी धरता आलं असतं, वरून दिसलं असतं. त्यांनी हात स्टिअरिंगवरून उचलला नाही. तोमोएला तेव्हा कळलं की त्यांना सिग्नलच्या वेळीच कळलं होतं, कदाचित त्याच्याही आधी. आणि आज शेजारी बसवून इथवर आणलं ते काकूंच्या आठवणीसाठी नव्हतं.

‘निकाल आत असतो, चिझु,’ ते म्हणाले. ‘गाडीत सांगत नाहीत.’

‘मग आत या की दोघं,’ काकू म्हणाल्या. ‘बाहेर काय बसलाय थंडीत? आत या, चहा करायला सांगते.’

आश्रमाच्या काचेच्या दारावर नोटीस होती, मार्चपासूनची, उन्हाने पिवळी पडलेली. दाराशी खोकं होतं, त्यात बाहेरच्यांनी आणलेल्या पिशव्या उद्याची वाट बघत पडल्या होत्या. मास्तर तिकडे बघत होते. मग त्यांनी किल्ली फिरवून काढली, ती मुठीत धरली आणि तोमोएकडे पाहिलं. परीक्षा संपल्यावर उमेदवार बघतो तसं.

आरशात मागच्या सीटवर संत्र्यांची पिशवी होती. दुसरं कुणी नव्हतं.

तोमोएने मास्क खाली ओढला आणि फोनकडे वाकली, म्हणजे वर नीट ऐकू जाईल.

‘काकू, मास्तर नापास झाले,’ ती म्हणाली. ‘उद्यापासून ते गाडी चालवणार नाहीत.’